प्रेमकथेची खतावणी

धुळे

चि. छबीस,


तुझे सविस्तर पत्र आणि कादंबरीचा आराखडा, दोन्ही पोचले. परीक्षा आटोपताच तू लिहावयास बसलीस, जे लिहिते आहेस ती प्रेमकथा आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी 'लिहायचेच तर काही भारदस्त लिही' असे तुला सुनावले, हे वाचून आधी एवढेच कळवते की या विषयाचा संकोच तू मुळीच बाळगू नकोस. ज्या जळगावात तू राहतेस, तेथेच १९३६ साली भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माधव जूलियन होते. फार्सीचा व्यासंगी अध्यापक, फार्सी-मराठी कोशाचा कर्ता, छंदःशास्त्राचा कठोर अभ्यासक, अशा त्या विद्वानाने 'विरहतरंग' हे प्रेमकाव्य लिहिताना आपली विद्वत्ता प्रेमापेक्षा थोर मानली नाही. हे तू घरी नम्रपणे सांगावेस, आणि त्यानंतर वाद घालू नयेस.

तंत्र शिकावयाचे तर ते ना. सी. फडक्यांकडे शिकावे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. १९१७ साली मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीचा आधार घेऊन 'अल्ला हो अकबर' लिहिणाऱ्या फडक्यांनी पुढे 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' अशा लोकप्रिय कादंबऱ्या दिल्या, एकंदर सत्तरांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि हे सारे केवळ स्फूर्तीवर विसंबून केले नाही. कथानकाची बांधणी कशी करावी, निरगाठ कोठे मारावी, उत्कंठा किती ताणावी, यांचा त्यांनी शास्त्रासारखा अभ्यास केला व 'प्रतिभासाधन' या ग्रंथात तो सर्वांपुढे मांडला. 'दौलत' पुन्हा वाचशील तेव्हा प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद आधी वाच आणि लेखकाने तेथेच हात का आखडला, याचा विचार कर. परंतु फडक्यांच्या बऱ्याच नायक-नायिकांना प्रेम करावयास जी सवड मिळते ती तुझ्या पात्रांना मिळणार नाही, आणि ती तू उसनी आणू नयेस. संसाराच्या जमाखर्चाविषयी फडके स्वतः अनभिज्ञ होते असे नव्हे. संततिनियमनाचा पुरस्कार करणारा इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९२७ सालीच लिहिला होता. तो जमाखर्च त्यांनी आपल्या प्रेमकथांत फारसा येऊ दिला नाही, इतकेच. माझ्या मते तो यावयास हवा होता.

तू विचारतेस, आत्या, तुम्ही सुरुवात कशी करता? कादंबरीचे पहिले वाक्य लिहिण्याआधी मी लाल कापडी बांधणीची एक लांब वही घेते, पेढीवर खतावणीला वापरतात तशी, आणि तीत प्रत्येक मुख्य पात्राचे खाते उघडते. डाव्या बाजूस जमा: जमीन किती बिघे, जिरायत की बागायत, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, वडील वारल्यावर वारसाचा फेरफार मंजूर झाला की तलाठ्याकडेच पडून आहे. उजव्या बाजूस नावे: तगाईचा थकलेला हप्ता, सावकाराचे गहाणखत, थोरल्या बहिणीच्या लग्नात दिलेल्या हुंड्यासाठी काढलेले कर्ज, कापसाच्या हंगामात जिनवाल्याकडून घेतलेली उचल. यांतले बहुतेक तपशील छापील पुस्तकात उतरत नाहीत, उतरूही नयेत. परंतु नायक दिवेलागणीच्या वेळी नायिकेच्या दारापर्यंत येतो आणि आत न शिरता परत फिरतो, तो का फिरतो, हे मला त्या वहीवरून कळते, आणि जे मला कळते ते वाचकाला न सांगताही जाणवते.

ही माझी एकटीचीच रीत आहे असे समजू नकोस. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सीचा स्वभाव कळण्याच्या आधी त्याचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड असल्याचे कळते, आणि बेनेट कुटुंबाची मिळकत मुलींकडे न जाता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, या एका कायदेशीर बाबीवर त्या पाच बहिणींचे सारे भवितव्य टांगलेले असते. बंगाली कादंबरीकार शरच्चंद्रांच्या 'परिणीता'त ललिताच्या मामाचे घर शेखरच्या वडिलांकडे गहाण आहे. हे गहाण काढून टाकलेस तर त्या दोघांमध्ये उरते काय? शरच्चंद्रांना मराठीत आणण्याचे मोठे काम ज्या मामा वरेरकरांनी केले, तेच १९४४ साली आमच्या धुळ्याच्या संमेलनाचे अध्यक्ष होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. तू या दोन्ही कादंबऱ्या प्रथम रडण्यासाठी वाच, त्यात काही वावगे नाही, आणि मग हाती पेन्सिल घेऊन पैशाचा जेथे जेथे उल्लेख येतो तेथे समासात खूण कर.

आता पुस्तकांबाहेरचे सांगते. आपल्या खानदेशाइतका प्रेमकथेला पोषक मुलूख मला दुसरा ठाऊक नाही, आणि त्यातही आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. परंतु ज्या मुलीचा मुराळी गेलाच नाही, किंवा गेला आणि दागिन्याच्या तंट्यापायी रिकाम्या हाताने परतला, ती मुलगी त्या झोक्यावर नसते, आणि गाणाऱ्या सगळ्यांना ती का नाही हे माहीत असते. पांझरेकाठच्या एका खेड्यात मी पाहिलेली गोष्ट लिहिते. सण संपल्यावर एका नवपरिणीत मुलीला न्यायला तिचा नवरा गाडी जुंपून आला. ती झोक्यावरून उतरली, पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या वहाणांकडे पाहिले. वहाणांना नव्याने ठिगळ लावलेले होते, आणि तिच्या पायांतली जोडवी नवी कोरी होती. ती काही बोलली नाही. घरात गेली, आणि माहेरचे लुगडे नेसून निघायची ती रोजचेच लुगडे नेसून बाहेर आली. त्या दोघांचे प्रेम आहे की नाही, हे मला त्यानंतर कोणी सांगावे लागले नाही. छबी, असे पाहावयास शीक. चांदणे, मोगरा आणि पावसाच्या सरी हे सारे येऊ दे, मी त्यांची वैरीण नाही. परंतु ते वहाणांच्या नंतर येऊ दे.

चांदण्याआधी वहाणा का, हे नीट उमगण्यासाठी इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ साली ज्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव कादंबरीचा भेद मांडला, तो निबंध अवश्य मिळवून वाच. त्यांच्या पश्चात येथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळावरून जाताना मला नेहमी वाटते, की जो पुरुष जुन्या दप्तरांतली एकेक सनद, एकेक महजर जिवापाड जपत होता, त्याने कादंबरीसारख्या विषयाला इतके गंभीरपणे घ्यावे, यात आपणा लिहिणाऱ्यांचा मोठा सन्मान आहे.

राहिली तुझी भीती, की शृंगार लिहिला तर लोक काय म्हणतील. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापली गेली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या न्यायालयांतून फिरत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली लेखक निर्दोष ठरला. इतकी वर्षे कोर्टकचेरीत घालवण्याची वेळ कोणावरही न येवो. पण तू लेखणी धरण्याआधीच स्वतःवर फिर्याद दाखल करू नकोस. जो प्रसंग त्या दोन माणसांमध्ये खरोखर घडला असता, तो लिही. जो केवळ वाचकाला चाळवण्यासाठी सुचतो, तो वहीतल्या खात्याशी ताडून पाहिला की आपोआप गळून पडतो.

लिहिण्याची वेळ मात्र ठरलेली असू दे. मी पहाटे, नळाला पाणी येण्याच्या आधी लिहिते, कारण त्यानंतर घर माझे राहत नाही. तुला रात्रीची सवय असेल तर रात्री लिही, पण रोज लिही, आणि काल लिहिलेले आज दुरुस्त करीत बसू नकोस. दुरुस्ती प्रकरण संपल्यावर.

तुझ्या आराखड्याविषयी. नायक अमळनेरचा, नायिका धरणगावची, आणि दोघांची भेट सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत, हे मला मनापासून आवडले. मात्र तो रोज त्या गाडीने कोठे जातो, त्याच्या पासाचे पैसे कोण भरतो, आणि धरणगावच्या त्या घरातून एकटीने प्रवास करावयाची परवानगी तिला कोणत्या अटीवर मिळाली, यांपैकी एकाचाही उलगडा मला त्या पानांत सापडला नाही. दुसरे प्रकरण तूर्त बाजूला ठेव. दोघांची खाती उघड, जमा आणि नावे दोन्ही भर, आणि ती पाने मला टपालाने पाठव. मी वाचून लगेच उत्तर देईन. तिच्या वडिलांचे कर्ज कोणाकडे आहे, हे लिहावयास विसरू नकोस.

भाऊला आशीर्वाद, वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुझी,
आत्या