अफूजन्य द्रव्ये आणि शरीराची प्रतिकारशक्ती

अफूचे व्यसन म्हटले की गुंगी आणि संसाराची धूळधाण एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. अफू शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाही दुबळे करते, ही गोष्ट मात्र फारशी चर्चिली जात नाही. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी तालुक्यांत क्षयरोगाशी झुंजणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती जाणून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोकणातून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देत. डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास केलेल्या पाहणीत अशा स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच मुलांना अफू मिळत असल्याचे आढळले. मूल शांत निजे. पण त्याची भूकही निजे. त्या मातांना दोष देणे सोपे आहे, मात्र मूल ठेवायला पाळणाघर नव्हते हेही ध्यानात घ्यावयास हवे.

याच सुमाराच्या आधी, १८९८ साली, कांताकुझेन या रुमानियन शास्त्रज्ञाने गिनीपिगांवर प्रयोग केले. अफू दिलेल्या प्राण्यांत पटकीचे जंतू गिळण्याचे पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, असे त्यांना दिसले. पुढील संशोधनाने याची कारणे उलगडली. मॉर्फिन ज्या ग्राहकांना चिकटून वेदना शमविते, तसे ग्राहक प्रतिकारक पेशींवरही असतात. शिवाय मेंदूमार्फत कॉर्टिसोल वाढते व तेही प्रतिकारक पेशींना आवर घालते. आतड्यांची हालचाल मंदावते, त्यांचे अस्तर सैल पडते आणि तेथील जंतूंना रक्तात शिरण्यास वाट मिळते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी औषधे घेणाऱ्यांत न्यूमोकॉकस जंतूंच्या गंभीर संसर्गाची शक्यता सुमारे १.६ पट आढळली. सर्व औषधे सारखी नाहीत. ब्युप्रेनॉर्फिनचा हा परिणाम मॉर्फिनपेक्षा कमी दिसतो.

म्हणून कर्करुग्णाला मॉर्फिन नाकारावे काय? मुळीच नाही. असह्य वेदना हीसुद्धा प्रतिकारशक्ती खच्ची करते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणे अतिशय दुर्घट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी ती वाट सुकर केली.

खरी चिंता आहे ती चिठ्ठीवाचून घेतल्या जाणाऱ्या कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची. कोडीन अफूपासूनच मिळते व शरीरात त्याच्या काही भागाचे मॉर्फिन होते. खोकला दबतो, क्षय तसाच राहतो आणि तपासणी लांबते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. सवय जडलेल्याने औषध एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवीत न्यावी, कारण अचानक तोडल्यास होणारा त्रासही प्रतिकारशक्तीवर ताण आणतो.