हेड बदलायचं की अख्खं इंजिन?

ब्रिटनमध्ये जुनी गाडी वापरत असाल, तर कधी ना कधी गॅरेजमधून असा फोन येऊ शकतो: "हेड गॅस्केट गेलंय. हेड बदलू की दुसरं इंजिन बसवू?" आपण आधी किंमत विचारतो. पण निर्णय घ्यायचा तो हेडच्या खालचा ब्लॉक कसा आहे हे पाहून.

ब्लॉकमधल्या सिलिंडरांत पिस्टन वर-खाली होतात. त्यांच्यावर झाकणासारखं बसतं ते व्हॉल्व्ह असलेलं सिलिंडर हेड. दोघांमधलं पातळ गॅस्केट जळता वायू, तेल आणि कूलंट यांना एकमेकांत मिसळू देत नाही.

याचं इथलं गाजलेलं उदाहरण म्हणजे रोव्हरचं 'के सिरीज' इंजिन. ते १९८९ मध्ये रोव्हर २०० मधून आलं; पुढे एमजी एफ, लोटस एलिस आणि पहिल्या फ्रीलँडरमध्येही बसलं. हलकं, चपळ, आणि हेड गॅस्केटसाठी कुप्रसिद्ध. त्याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, पण आतल्या सिलिंडरच्या नळ्या, म्हणजे लायनर, बिडाचे. तापमान ८० अंशांनी वाढलं की १० सेंटिमीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.१८ मिलिमीटरने लांबतं. बीड साधारण त्याच्या निम्म्याने. लायनरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर असेल, तरच गॅस्केट तिच्यावर घट्ट दाबलं जातं. इंजिन फार तापून लायनर खाली बसले असतील, तर नवंकोरं हेड लावूनही गळती परत येते.

म्हणून होकार देण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या:

१. कूलंटमध्ये जळालेला वायू येतोय का? पेट्रोल गाडीत चाचणीचा निळा द्राव पिवळा झाला, तर गॅस्केट फुटलंय किंवा कुठेतरी तडा आहे.

२. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती? कमी असेल, तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर पिस्टन रिंगा झिजल्यात. ते दुखणं हेड बदलून जात नाही.

३. तेल दुधाळ झालंय का, आणि तशी गाडी किती चालवली? पाणी मिसळलेलं तेल बेअरिंग खातं. मात्र थंडीत फक्त छोट्या फेऱ्या होत असतील, तर तेलाच्या झाकणाखालचा पांढरा थर नुसत्या दमटपणानेही येतो.

४. हेड काढल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेडचा बाक आणि लायनरची उंची मोजली का?

तळ ठणठणीत, लायनर जागेवर, हेडला मात्र तडा किंवा घासूनही न निघणारा बाक: हेड बदला. रिंगा गेल्या, खालून ठोके येतात किंवा लायनर खचलेत: हेडवरचा खर्च पाण्यात. अशा वेळी दुसरं इंजिन बघा. पण भंगारातलं इंजिन म्हणजे झाकली मूठ; त्याचंही कॉम्प्रेशन मोजून घ्या.

इंजिन बदललं, तर नवा इंजिन नंबर डीव्हीएलएला कळवून व्ही५सी दुरुस्त करून घ्यावं लागतं. वेगळ्या प्रकारचं इंजिन असेल, तर विमा कंपनीलाही सांगा. नुसतं हेड बदललं, तर इंजिन नंबर तोच राहतो.

आणि काहीही ठरवलंत तरी गाडी मुळात तापली का, हे शोधून घ्या. रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडलेलाच राहिला, तर पुढचं इंजिनही त्याच वाटेने जाईल.