उत्तर सावलीत आहे

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीच्या उत्तरेला सात मजली इमारत झाली आणि ध्रुवतारा झाकला गेला. माझ्या दुर्बिणीला इक्वेटोरियल माउंट आहे. ध्रुव न दिसता त्याचा अक्ष उत्तरेला कसा लावू? मोबाइलमधलं होकायंत्र दर वेळी वेगळीच दिशा दाखवतं.

उत्तर : होकायंत्र राहू द्या. स्लॅबमधल्या सळया आणि माउंटमधलं लोखंड त्याला भरकटवतात. तुमचं काम ओळंबा आणि घड्याळ करील. मध्यान्हीच्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर दक्षिणोत्तर पडते. ती रेघ खडूनं आखा, माउंटचा अक्ष तिच्या रोखानं उत्तरेकडे वळवा आणि पुण्याच्या अक्षांशाइतका, म्हणजे १८.५ अंश, वर उचला.

मात्र मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथे मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्याला ती १२.४९ पर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ लाच येते. त्या दिवशीच्या सूर्योदय-सूर्यास्ताचा मध्य काढला की झालं. पण वेळा पुण्याच्याच घ्या. मुंबईच्या घेतल्यात तर चार मिनिटं चुकतील, आणि डिसेंबरातसुद्धा मध्यान्हीच्या सुमाराला सूर्याची दिशा तीन मिनिटांत एक अंश सरकते.

उन्हाळ्यात ही रीत वापरूच नका. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली असते; त्याच्या अलीकडे-पलीकडे मध्यान्हीची सावली बोटभरही उरत नाही. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत ती चक्क दक्षिणेला पडते! सावलीकडे तोंड करून माउंट लावणारा तेव्हा हमखास फसतो.

त्या दिवसांत मला जुनी शंकूची रीत जास्त भरवशाची वाटते. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारात ती दिली आहे. सपाट फरशीवर काठी उभी करा, तिच्या बुडाभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडेल तिथे दुसरी. दोन्ही जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिच्यावरचा लंब दक्षिणोत्तर. घड्याळ लागतच नाही.

टोक नेमकं कुठे धरायचं, ही खरी कसोटी. सूर्यबिंब अर्धा अंश रुंद, म्हणून मीटरभर अंतरावर सावलीची कड सुमारे नऊ मिलिमीटर पुसट होते. काठीच्या टोकाला पुठ्ठा आडवा लावा आणि त्याला दाभणानं बारीक भोक पाडा. सावलीच्या मधोमध सूर्याची इवलीशी गोल चकती उमटेल. तिचा मध्य पेन्सिलीनं टिपता येतो. वर्तुळाचा मध्य मात्र भोकाच्या बरोबर खाली, ओळंब्यानं ठरवा.

हे चालू असताना दुर्बीण आणि तिची शोधक दुर्बीण, दोन्हींवर झाकण असलंच पाहिजे. सूर्याकडे त्यातून एक क्षणही पाहायचं नाही.

निगुतीनं केलंत तर चूक अंशभराच्या आत राहते. शनीची कडी पाहायला तेवढं पुरे. फोटो काढायचे असतील तर रात्री दक्षिणेला मध्यमंडलाजवळचा, विषुववृत्तालगतचा तारा धरा. तो दक्षिणेकडे सरकत गेला तर अक्ष पूर्वेला झुकलाय, उत्तरेकडे गेला तर पश्चिमेला. तेवढा वळवा, पुन्हा पाहा. तारा जागचा हलेनासा झाला की तिवईच्या तिन्ही पायांखाली ऑइलपेंटचे ठिपके देऊन टाका. पुढच्या वेळी पाय त्यांवर टेकवले की झालं.