‘क्लोज’ शब्दाचे निरनिराळे अर्थ

‘क्लोज’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. शेगावात कचोरीचे दुकान रात्री ‘क्लोज’ झाले, तर ते सकाळी पुन्हा उघडते. ३१ मार्चचा ‘क्लोजिंग स्टॉक’ म्हणजे शिल्लक माल; १ एप्रिलला तोच ‘ओपनिंग स्टॉक’ होतो. टेंडरची ‘क्लोजिंग डेट’ म्हणजे भरण्याची शेवटची तारीख.

धंदा ‘क्लोज’ करणे मात्र नुसते शटर ओढून होत नाही. जीएसटी नोंदणी रद्द करून घेतली नाही, तर रिटर्नची जबाबदारी चालूच राहते व विलंब शुल्क चढते. नोंदणी रद्द झाल्यावरही नियमित करदात्याला ३ महिन्यांत अंतिम रिटर्न, जीएसटीआर-१०, भरावे लागते. म्हणून कुलूप लावण्याआधी कागदावर काय उघडे राहिले, ते आपण पाहावे.