पणजोबांचा माग

प्रश्न : आम्ही वसईतल्या निर्मळकडचे ख्रिस्ती. पणजोबा ‘मोठ्या साथीत’ गेले, एवढंच ऐकून आहोत. त्यांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. मृत्यूच्या नोंदीवरून मागची पिढी सापडेल का?

उत्तर : सापडू शकते, आणि सुरुवात मृत्यूपासूनच करावी. आधी साल ठरवा. साथ बहुधा 1918 च्या इन्फ्लुएन्झाची. पण 1896 पासून मुंबईत प्लेगही होता. पणजोबांचं धाकटं मूल 1905 चं असेल, तर प्लेगचं पहिलं वर्ष आपोआप बाद होतं.

मग चर्चची वही. बाप्तिस्मा आणि लग्नाबरोबर मृतांचीही वही ठेवायची, ही रीत 1614 च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिली. फादरांना आधी भेटून, अदमासे साल सांगून परवानगी मागा. नोंदीत नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, दफनाची तारीख असं काही मिळेल. त्यातल्या वयावर मात्र विसंबू नका. ते घरच्यांनी दुःखात, अदमासाने सांगितलेलं असतं. ‘पन्नास’ लिहिलं असेल तर बाप्तिस्म्याची वही दोन्ही बाजूंनी दहा-दहा वर्षं चाळा. तिथे आई, बाप आणि धर्माचे आईबाप भेटतात.

खरी अडचण सारख्या नावांची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं आणि आडनावंही मोजकीच, त्यामुळे एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात. म्हणून आळी आणि घराण्याचं टोपणनाव आधी म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. हे काम पुढे ढकलू नका.

सरकारी बाजूला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, बघा. वसईच्या तहसील कार्यालयात अर्ज करा. जुनं पान मोडीत असू शकतं, वाचणारा सोबत न्या. वसईची महापालिका 2009 ची आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा. 1918 साठी तिथल्या दाखल्याचा उपयोग नाही.

वाडी असेल तर जुने फेरफार काढाच. वारस नोंदीत मयताचं नाव आणि त्याच्यामागे राहिलेली सगळी मुलं एका ओळीत येतात. ज्या चुलत घराण्याशी बोलणं तुटलं, तेही तिथेच सापडतं. वसईत कागद मिळाला नाही तर ठाण्यात विचारा. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला; तोवर वसई ठाणे जिल्ह्यातच होती.