अंड्यातल्या चार पिशव्या आणि शेळीची वार

मंडळी, कोंबडीचे अंडे आपण नेहमी पाहतो. खुडूक कोंबडी त्यावर २१ दिवस बसते आणि आतून पिल्लू चिवचिवत बाहेर येते. आता जरा विचार करा. अंड्याला दार नाही, खिडकी नाही. मग इतके दिवस त्या पिल्लाला दाणापाणी कोण देते? ते श्वास कसा घेते? घाण कुठे टाकते?

ही सगळी कामे चार पिशव्या करतात. त्या कोंबडीच्या अंगातून येत नाहीत. ज्या बीजापासून पिल्लू वाढते, त्यापासूनच त्याही वाढतात. पिल्लू बाहेर पडले की त्यांचे काम संपते.

चार पिशव्या, चार कामे

पहिली बलकाची पिशवी. पिवळा बलक ही पिल्लाची शिदोरी. ही पिशवी बलकाभोवती पसरते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या बलकातले अन्न पिल्लाच्या अंगात नेतात. उरलेला बलक शेवटच्या एकदोन दिवसांत पिल्लाच्या पोटात ओढला जातो. म्हणून नवे पिल्लू दोनतीन दिवस दाण्यावाचून तग धरते.

दुसरी पाण्याची पिशवी. पुस्तकात तिला उल्ब म्हणतात. पिल्लू तिच्यातल्या पाण्यात तरंगते. त्यामुळे त्याला धक्का लागत नाही, ते सुकत नाही, कशाला चिकटत नाही.

तिसरी पिशवी पिल्लाच्या पोटातून निघते. पुस्तकात तिचे नाव अपरापोषिका. आधी ती मूत्र साठवते. मग वाढत वाढत चौथ्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पिशवीला चिकटते. त्या बाहेरच्या पिशवीला जरायू म्हणतात. दोघी मिळून टरफलाला आतून अस्तर लावतात. टरफलाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. त्यांतून हवा आत येते आणि या अस्तरातल्या रक्तात मिसळते. पिल्लाचे फुप्फुस चालू होईपर्यंत हेच त्याचे फुप्फुस.

आणखी एक गंमत पाहा. आपल्या येरमाळ्यात चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडाईचे भक्त चुनखडी वेचतात. पिल्लूही चुना वेचते बरे का! टरफल चुन्याचेच असते. हे अस्तर त्यातला चुना काढून घेते आणि त्यातून पिल्लाची हाडे भरतात.

हे सारे थोडेफार घरीच पाहता येते. अंडे बसवल्यावर सातव्या रात्री ते बॅटरीच्या उजेडावर धरा. आत लाल कोळ्याच्या पायांसारख्या रेघा दिसतील. त्या या पिशव्यांच्या रक्तवाहिन्या. काहीच दिसले नाही, अंडे निर्मळ दिसले, तर त्यात पिल्लू नाही. ते कोंबडीखालून काढून टाका.

शेळीच्या पोटात काय होते?

कीर्तनात आपण चार खाणी ऐकतो. त्यांत अंडज आणि जारज अशा दोन आहेत. जारज म्हणजे जारेसह जन्मणारा जीव. कोणी जार म्हणतो, कोणी वार म्हणतो.

आपल्या भागातली काळी उस्मानाबादी शेळी सर्वांच्या ओळखीची. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळीचे नाव उस्मानाबादीच राहिले. ती बहुधा जुळी देते म्हणून तिचे नाव आहे. ती पाच महिने गाभण असते. तिच्या पोटातही त्याच चार पिशव्या तयार होतात. फरक इतकाच की तिथे बलकाची शिदोरी नाही. आईच्या रक्तातूनच अन्न घ्यायचे असते. म्हणून बाहेरच्या दोन पिशव्या एक होऊन वार बनते.

शेळीच्या गर्भाशयाला आतून गोल गाठी असतात. सदऱ्याचे बटण जसे काजात बसते, तशी वार त्या गाठींना धरून बसते. आईचे रक्त आणि करडाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून अन्न आणि प्राणवायू पलीकडे जातो, घाण अलीकडे येते. करडापासून वारेपर्यंतचा रस्ता म्हणजे नाळ.

वार ओढू नका

शेळी व्याल्यावर बटणे हळूहळू आपोआप सुटतात. काही तासांत वार पडते. पण आपल्याला धीर नसतो. कोणी लोंबती वार ओढतो. कोणी तिला दगड बांधतो. मग वार तुटते, आत तुकडा राहतो, रक्त जाते, गर्भाशय सडते. शेळी मरते किंवा पुन्हा गाभण राहत नाही. गरिबाच्या घरी शेळी गेली म्हणजे वर्षाचा आधार गेला. १२ तासांत वार पडली नाही तर पशुवैद्याला बोलवा.

दुसरी चूक चिकाची. "वार पडल्याशिवाय चीक पाजू नये," असे म्हातारी माणसे म्हणतात. आम्ही त्यांचा मान राखतो, पण हे म्हणणे खरे नव्हे. शेळीची वार अन्न पोचवते, पण रोगाशी लढणारी शक्ती पोचवत नाही. ती शक्ती चिकातूनच मिळते. पहिल्या तासाभरात चीक मिळाला नाही तर करडू हगवणीने सहज दगावते. आणि करडू पाजले तर वार सुटायला मदतच होते.

तिसरी गोष्ट. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी धरू नका. तिच्यात मालटा तापाचे जंतू असू शकतात. शेळीच्या दुधातून हा ताप माणसाला येतो, हे १९०५ साली माल्टा बेटावर उघडकीस आले. अशी वार कुत्र्यापुढे टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. दूध उकळूनच प्या.

बाईमाणसाचेही तेच

आपणही वारेतूनच वाढलो. बाईची पाणमोट फुटली की घरी वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, दवाखाना गाठावा. तिथे वार सबंध पडली की नाही हे तपासतात, कारण तुकडा राहिला तर रक्तस्रावाने बाई दगावते. बाळाच्या नाळेला राख, शेण, हळद काही लावू नये. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवावी.

ध्यानात ठेवा

१. करडू जन्मताच नाकातोंडावरची पिशवी आणि चिकटा पुसा.
२. वार ओढू नका, तिला वजन बांधू नका.
३. चीक तासाभरात पाजा.
४. पाणमोट फुटली की दवाखाना.

प्रश्न

१. अंड्यातले पिल्लू श्वास कसा घेते?
२. वार ओढली तर काय होते?
३. तुमच्या घरी शेळी व्याली तेव्हा चीक केव्हा पाजला? घरच्यांना विचारून चार ओळी लिहा.