चित्रफीत-संकलनासाठी सामायिक साठवण
बोईसरजवळील बेटेगावसारख्या ठिकाणी तीन-चार जणांनी मिळून लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करावयाचे, तर एकच हार्ड डिस्क हातोहात फिरू लागते आणि कोणती प्रत ताजी, हेच कळेनासे होते. यावर उपाय म्हणजे सर्वांच्या संगणकांना जोडलेले सामायिक साठवण-यंत्र. मात्र ते किती टेराबाइटचे, एवढेच पाहून भागत नाही. खरी मेख वेगात आहे.

एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला सुमारे 110 मेगाबाइट माहिती वाहते. ‘प्रोरेस 422’ स्वरूपातील फोर-के चित्रण, सेकंदाला 25 चौकटी धरल्यास, त्यांपैकी सुमारे 61 मेगाबाइट घेते. म्हणजे दुसरा संकलक कामाला बसताच चित्र अडखळणार! कोंडी होते ती यंत्रापासून स्विचपर्यंतच्या सामायिक तारेत. तेवढी जोडणी 10 गिगाबिटची केली आणि डिस्कांचा वेगही पुरेसा असला, तर प्रत्येक संगणकाला एका चित्रप्रवाहापुरती जुनी तार चालते. पैसा तोकडा असल्यास हलक्या प्रतींवर संकलन करून अखेरीस मूळ चित्रण जोडावे.

‘रेड’ रचनेमुळे एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. परंतु चुकून पुसलेले चित्रण ती परत देत नाही. लग्न काही पुन्हा लागत नाही. म्हणून मूळ चित्रणाची एक प्रत दुसऱ्या छपराखाली, पालघरला म्हणा, ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.